मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर एकच असताना जाताना सोळा तास आणि येताना चौदा तास का लागतात?

रानजाई

नमस्कार. माझी आई ७१ वर्षांची आहे आणि येत्या जानेवारीत ती मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने एकटीच जाणार आहे. धाकट्या बहिणीचे बाळंतपण फेब्रुवारीत आहे, त्यासाठी हा प्रवास आहे. आईला मधुमेह असून ती सकाळी साडेसात आणि रात्री आठ अशा दोन वेळांना इन्सुलिन घेते. तारीख, वेळ आणि साखरेचा आकडा अशी नोंद ती गेली अकरा वर्षे एका दोनशे पानी वहीत नेमाने करत आली आहे. प्रवासाच्या दिवसाचे पान तिने आत्ताच पट्टीने आखून ठेवले असून वेळेचा रकाना मात्र कोरा आहे, आणि "मी विमानात नेमके किती तास असणार?" असे ती मला रोज विचारते. मला तिला ठाम उत्तर देता येत नाही, म्हणून येथे विचारत आहे.

तिकिटाप्रमाणे विमान १८ जानेवारीला रात्री १ वाजून ४० मिनिटांनी मुंबईहून सुटते आणि त्याच तारखेला सकाळी ७ वाजून २५ मिनिटांनी न्यूयॉर्कला पोहोचते. प्रवासाचा कालावधी १६ तास १५ मिनिटे असा छापला आहे. परतीचे विमान जूनमध्ये दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजून ५५ मिनिटांनी मुंबईत उतरते आणि त्यापुढे १४ तास १५ मिनिटे असे लिहिले आहे. दोन्ही शहरांच्या वेळांत साडेदहा तासांचा फरक आहे असे धरून मी हिशेब केला, तेव्हा जातानाचा आकडा जुळला, परंतु परतीचा १३ तास १५ मिनिटे आला. हा एक तास कुठे गेला?

दुसरी अडचण अंतराची आहे. एका ठिकाणी मला १२,५३० हा आकडा दिसला, दुसरीकडे ७,७९० आणि तिसरीकडे ६,७७०. यांतला खरा कोणता? शिवाय अंतर एकच असेल, तर जाण्यायेण्याच्या वेळेत दोन तासांचा फरक का पडतो? आमचे मेहुणे म्हणतात की पृथ्वी फिरत असल्यामुळे असे होते. ते बरोबर आहे का?

पृथ्वीगोल

रानजाई, मी सातारा जिल्ह्यात एकतीस वर्षे भूगोल शिकवला, त्यामुळे तुमच्या प्रश्नातील अंतराचा भाग मी घेतो. विमान चालवण्याशी संबंधित गोष्टी त्यातल्या जाणकारांनी सांगाव्यात.

तुम्हाला दिसलेले तिन्ही आकडे खरे आहेत, कारण ते एकाच अंतराचे आहेत. १२,५३० हे किलोमीटर आहेत, ७,७९० हे आपले नेहमीचे मैल आहेत आणि ६,७७० हे सागरी मैल आहेत. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. जहाजांप्रमाणे विमानांचे मार्गही सागरी मैलांतच मोजले जातात. संकेतस्थळावर आकड्यापुढचे एकक वाचायचे राहिले की हा घोटाळा होतो, आणि तो माझ्या हुशार विद्यार्थ्यांकडूनही होत असे.

हे १२,५३० किलोमीटर मोजले कसे, हे आईंना दाखवायचे असेल तर घरात पृथ्वीचा गोल आणि राखीचा दोरा असला तरी पुरे. माझ्याकडे ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल आहे. त्याचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर भरतो आणि पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, म्हणजे त्या गोलावरचा एक सेंटिमीटर साधारण ४२५ किलोमीटरांचा होतो. तुमचा प्रश्न वाचल्यावर मी दोऱ्याचे एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरले, दुसरे न्यूयॉर्कवर ठेवले आणि दोरा ताणला. तो आपसूक उत्तरेकडे सरकला. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तानचा पश्चिम भाग ओलांडून तो मॉस्कोच्या थोडा वरून गेला, हेलसिंकीला जवळजवळ चिकटला, नॉर्वे ओलांडून आइसलँडवर आला, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाच्या किंचित खालून पुढे सरकला आणि कॅनडाच्या पूर्व भागातून न्यूयॉर्कला उतरला. पट्टीवर त्याची लांबी साडेएकोणतीस सेंटिमीटर भरली. तिला ४२५ ने गुणले की साडेबारा हजारांच्या वर थोडे येतात. गोलावरील दोन ठिकाणांमधला हा जो सर्वांत जवळचा मार्ग असतो, तो बृहद्वृत्ताचा, म्हणजे गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा, भाग असतो.

भिंतीवरच्या नकाशात मात्र मुंबई आणि न्यूयॉर्क सरळ रेषेने जोडली, तर ती रेषा सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया आणि मोरोक्कोवरून अटलांटिकमध्ये उतरते. शाळेत नेहमी टांगलेल्या मर्केटर पद्धतीच्या नकाशावर ती सरळ आणि म्हणून जवळची भासते, पण त्या रेषेने खरोखर प्रवास केला तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील, म्हणजे दोऱ्याच्या मार्गापेक्षा साडेसोळाशेहून अधिक. विमानातील पडद्यावर मार्ग कमानीसारखा वाकलेला दिसला की "हे एवढे उत्तरेला कशाला नेतात?" असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात मार्ग सरळच असतो आणि त्याला वाकवतो तो नकाशा.

आता हरवलेला तास. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरलेली आहे आणि ती वर्षभर बदलत नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. त्यामुळे जानेवारीत फरक साडेदहा तासांचा असतो आणि जूनमध्ये साडेनऊ तासांचा. परतीच्या पावणेचोवीस तासांतून साडेनऊ वजा करा, १४ तास १५ मिनिटे येतील. तिकीट अचूक आहे.

अटकेपार

मी न्यू जर्सीत राहतो आणि हा प्रवास वर्षातून एकदा तरी करतो. एक गोष्ट तातडीने सांगतो, कारण आमच्या घरात ती घडलेली आहे. १८ तारखेला रात्री १ वाजून ४० मिनिटांचे विमान म्हणजे १७ तारखेच्या रात्री जेवून घराबाहेर पडायचे. माझे काका १८ तारखेच्या रात्री विमानतळावर गेले आणि विमान आदल्या रात्रीच गेले असल्याचे त्यांना दारावर कळले. वहीत वेळेआधी तारीख लिहा, आणि कॅलेंडरवर १७ च्या चौकोनात खूण करा.

रानजाई

पृथ्वीगोल सर, मनापासून आभार. आज संध्याकाळी भाच्याच्या शाळेच्या गोलावर आईला दोरा ताणून दाखवला. तिने तो स्वतः दोनदा ताणून पाहिला आणि "म्हणजे मी आइसलँडवरून जाणार" असे ती शेजाऱ्यांना सांगत होती. विमान खरोखर त्याच मार्गाने जाईल का? आणि मेहुण्यांच्या म्हणण्याचे काय?

धावपट्टी

रानजाईताई, मी एका विमान कंपनीत उड्डाणांचे मार्ग आखण्याच्या विभागात बावीस वर्षे काम केले आणि आता निवृत्त आहे. आईंना आइसलँड दिसेलच, असे वचन मी देऊ शकत नाही. कारण सविस्तर सांगतो.

प्रथम मेहुण्यांचे म्हणणे. मुंबईच्या अक्षवृत्तावर जमीन पूर्वेकडे ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने फिरते. हवा जर तिच्यासोबत फिरत नसती, तर मुंबईवर तासभर एका जागी तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरखाली तासाने ओमानचा किनारा आला असता. तसे होत नाही, कारण वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या वातावरणातून उडते. शिवाय मेहुण्यांचा तर्क खरा मानला, तर पश्चिमेकडे जाणारे विमान लवकर पोहोचायला हवे. तुमच्या तिकिटावर नेमके उलटे आहे.

खरे कारण वारा आहे. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे ज्या उंचीवरून ही विमाने जातात त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद आणि अतिशय वेगवान वायुप्रवाह असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. १९२० च्या दशकात जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून हे वारे मोजले होते, पण त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या, फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत प्रसिद्ध केल्यामुळे बाहेरच्या जगाचे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध एवढाच, की विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे निघालेली हवा त्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते आणि हे प्रवाह तयार होण्यास त्याने हातभार लागतो. त्या अर्थाने मेहुण्यांनी धरलेला धागा अगदीच चुकीचा नाही.

आता हिशेब पाहा. विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर धरा. समोरून ताशी १०० चा वारा असेल, तर जमिनीच्या हिशेबात विमान ताशी ८०० ने सरकते, आणि तोच वारा पाठीमागून असेल तर ताशी १,००० ने. म्हणजे १,००० किलोमीटर कापायला जाताना सव्वा तास लागतो आणि येताना एकच तास. असे बारा-तेरा टप्पे जोडले, तर जाण्यायेण्यातला फरक तीन तासांवर जातो. प्रत्यक्षात संपूर्ण वाटेवर वारा सारखा नसतो आणि जाताना आम्ही तो शक्यतो टाळतो, म्हणून फरक दोन तासांच्या आसपास राहतो. हिवाळ्यात हे वारे जोरदार असतात आणि त्यांचा एक पट्टा तर उत्तर भारतावरूनच जातो. उन्हाळ्यात ते मंदावतात आणि उत्तरेकडे सरकतात.

वारा काय करू शकतो, याची दोन उदाहरणे देतो. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर मोठे वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचे एक जंबो विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी त्या प्रवासाला साडेसहा तासांच्या आसपास लागतात. दुसरे उदाहरण आपल्याकडचे आहे. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिकवरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते उलट दिशेने, म्हणजे पॅसिफिकवरून नेले. अंतर हजार किलोमीटरहून अधिक वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, पण पाठीमागून वारा मिळाल्यामुळे ते साडेचौदा तासांत पोहोचले आणि आधीच्या मार्गापेक्षा वेळ वाचला. म्हणूनच आमच्या विभागात नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगत असत, की किलोमीटर बाजूला ठेव आणि आधी वाऱ्याचा नकाशा उघड.

दोऱ्याचा मार्ग न मिळण्याचे दुसरे कारण परवानगीचे आहे. विमान ज्या देशावरून जाते त्या देशाची संमती लागते आणि त्याचे शुल्कही भरावे लागते. पाकिस्तानने फेब्रुवारी २०१९ ते जुलै २०१९ या काळात हवाई हद्द बंद ठेवली होती आणि २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांच्या विमानांसाठी ती पुन्हा बंद केली. ही बंदी नंतर महिन्यामहिन्याने वाढवली गेली. तिचा सर्वाधिक फटका दिल्लीला बसला. तिथून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. मुंबईहून अरबी समुद्रावर निघून ओमानच्या बाजूने वर जाता येते, त्यामुळे मुंबईच्या प्रवाशांना त्याची झळ कमी लागते. अमेरिकी कंपन्यांची विमाने २०२२ पासून रशियावरूनही जात नाहीत, त्यामुळे दोऱ्याने दाखवलेली मॉस्कोजवळची वाट त्यांच्यासाठी बंदच आहे. अशा वळणांमुळे प्रत्यक्ष अंतर १२,५३० पेक्षा काही शे किलोमीटरांनी वाढते, आणि कोणत्या दिवशी किती वाढेल ते उड्डाणाच्या काही तास आधी वाऱ्याचा अंदाज हातात आल्यावरच ठरते.

आणखी एक बारकावा आईंच्या वहीसाठी महत्त्वाचा आहे. तिकिटावरचे १६ तास १५ मिनिटे म्हणजे विमान मुंबईत गेटपासून हलल्यापासून न्यूयॉर्कला गेटशी थांबेपर्यंतचा वेळ. धावपट्टीपर्यंत जाणे, तिथे रांगेत थांबणे आणि उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंत येणे हे सगळे त्यात धरलेले असते. प्रत्यक्ष हवेतील वेळ अर्ध्या-पाऊण तासाने कमी असतो. वेळापत्रक मागच्या हंगामांतील वारे पाहून बेतलेले असल्यामुळे एखाद्या दिवशी विमान अर्धा तास लवकरही पोहोचते. जेवण मात्र चाके उचलल्यानंतर तासाभराने येते, हे इन्सुलिन घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

निशिगंध

मी मधुमेहाच्या रुग्णांना तपासणारी डॉक्टर आहे. येथे मात्रा सांगणे योग्य होणार नाही, कारण ती इन्सुलिनच्या प्रकारावर अवलंबून असते आणि आईंच्या डॉक्टरांनीच ती ठरवायला हवी. त्यांच्याकडे जाताना काय लिहून न्यावे, तेवढे सांगते.

विमानातील सगळा वेळ भारतीय घड्याळातच मांडा. १७ तारखेची रात्री आठची सुई घरीच होईल. विमान १ वाजून ४० मिनिटांनी सुटते, म्हणजे सकाळी साडेसातची सुई सुटल्यानंतर पाच तास पन्नास मिनिटांनी, आकाशात येते. न्यूयॉर्कचे सकाळचे ७ वाजून २५ मिनिटे म्हणजे भारतातील संध्याकाळचे ५ वाजून ५५ मिनिटे. त्यामुळे रात्री आठची सुई तेथील सकाळी साडेनऊला येते, म्हणजे उतरल्यानंतर दोन तासांनी. तेव्हा आई कदाचित इमिग्रेशनच्या रांगेत किंवा गाडीत असतील. पश्चिमेकडे जाताना दिवस साडेदहा तासांनी लांबतो, चोवीस तासांऐवजी साडेचौतीस तासांचा होतो. त्या वाढलेल्या तासांत काय करायचे आणि न्यूयॉर्कच्या घड्याळावर कोणत्या सुईपासून यायचे, हा तुमच्या डॉक्टरांना विचारायचा नेमका प्रश्न आहे. परतीला दिवस आखूड होतो, त्या वेळी हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारावा लागेल.

इन्सुलिन, सुया आणि साखर मोजण्याचे यंत्र केबिन बॅगेतच ठेवा, मोठ्या बॅगेत कधीही देऊ नका. सामान हरवले तर औषध जाते, आणि सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठण्याचा धोका असतो. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरता येत नाही. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि थोडी ग्लुकोजची पावडर किंवा बिस्किटे असू द्यात. पंधरा-सोळा तास सलग बसून राहू नये. दर दोन तासांनी, जागी असताना, मार्गिकेतून एक फेरी मारायला सांगा.

रानजाई

आज आईला घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि निशिगंधताईंनी मांडलेला वेळांचा हिशेब जसाच्या तसा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी विमानातील सुई आणि उतरल्यानंतरची सुई या दोन्हींच्या मात्रा आईच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून दिल्या. आईने त्या पानावर दोन रकाने केले आहेत, डावीकडे भारतातील वेळ आणि उजवीकडे तिथली वेळ. ती हातातील घड्याळ न्यूयॉर्कला पोहोचेपर्यंत बदलणार नाही, असेही तिने ठरवले आहे.

आता शेवटचा प्रश्न. बहिणीचे यजमान आईला घ्यायला विमानतळावर येणार आहेत. त्यांनी सातलाच येऊन थांबावे का? विमान खरोखर किती वाजता पोहोचेल, हे आधी कळण्याची काही सोय आहे का?

धावपट्टी

आहे. तिकिटावरील विमानाचा क्रमांक घ्या आणि विमानांचा माग दाखवणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर, निघण्याच्या आधीचे दहा-बारा दिवस, तो क्रमांक रोज प्रत्यक्ष किती वाजता सुटला आणि किती वाजता टेकला ते लिहून काढा. महिन्याभरापूर्वीचे आकडे घेऊ नका, कारण तोवर वारा बदललेला असतो. त्या आकड्यांवरून तुम्हाला तिकिटापेक्षा अधिक विश्वासार्ह अंदाज येईल. १८ तारखेला विमान मुंबईहून सुटले, की त्याच ठिकाणी पोहोचण्याची अपेक्षित वेळ दिसू लागते आणि प्रवासभर ती सुधारत जाते. अर्ध्या वाटेनंतर ती सहसा दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चुकत नाही.

बहिणीच्या यजमानांनी सातला येण्याची गरज नाही. विमान टेकल्यावर गेटवर येणे, व्हीलचेअर मिळणे, इमिग्रेशनची रांग आणि सामान यांत एक ते दीड तास सहज जातो, म्हणून त्यांनी साडेआठच्या सुमारास बाहेरच्या दाराशी यावे. व्हीलचेअरची मागणी तिकिटावर आजच नोंदवून घ्या. गाडीत बसल्यावर साडेनऊची सुई घ्यायची असल्यास खाण्याचा डबा त्यांनी घरूनच आणावा, कारण त्या वेळी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर सकाळची गर्दी असते आणि घरी कधी पोहोचणार याचा भरवसा नसतो.